रंगीत पक्षी, पाणथळी आणि सह्याद्री: छायाचित्रणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी सुरू झाली की हे प्रश्न यायला लागतात आणि जूनमध्ये त्यांची आणखी एक सर येते. उत्तरं महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, गोवा ओघात येईल तेवढाच. कॅमेऱ्याबद्दल कमी आणि पाणी, झाडं, ऊन यांच्याबद्दल जास्त लिहिलंय, कारण बहुतेक फोटो तिथेच जमतात किंवा बिघडतात.

सुरुवात कुठून करू? थेट भिगवण गाठू का?

गाठा, कोण अडवतंय. पण त्याआधी घरापासून चालत जाता येईल असं एक फुललेलं झाड शोधा. जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात. या तिघांची एक सवय आपल्या फार कामाची आहे: बहर असतो तेव्हा फांद्यांवर पानं जवळपास नसतात. पक्षी झाकला जात नाही, मागे मोकळं आकाश किंवा दूरची टेकडी मिळते आणि फुलांचा लाल-केशरी रंग आपोआप चौकटीत येतो. मधासाठी शिंजीर येतात, भोरड्यांची म्हणजे पळसमैनांची टोळकी येतात, कोतवाल येतो, बुलबुल येतात, मधूनच हळद्या येऊन जातो. खारीसुद्धा येतात आणि त्या कधीकधी पक्ष्यांपेक्षा जास्त छान पोज देतात.

एकच झाड धरा. सकाळी कुठल्या बाजूने ऊन पडतं, कोणत्या फुलांच्या घोसाकडे पक्षी परत परत येतात, कोतवाल कुणाला हुसकावतो, हे दोन-चार सकाळींत कळायला लागतं. मग कॅमेरा त्या घोसावर आधीच लावून ठेवता येतो. पक्ष्यामागे लेन्स फिरवत बसणाऱ्याला हे कधीच साधत नाही.

दुसरा पर्याय उंबर, वड, पिंपळ. फळं पिकली की हरियाल उतरतात. महाराष्ट्राचा हा राज्यपक्षी पानांत बसला की डोळ्यांदेखत नाहीसा होतो. थंडीत मात्र सकाळच्या पहिल्या उन्हात थवाच्या थवा एखाद्या निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर येऊन बसतो. पिवळे पाय, खांद्यावरचा जांभळट पट्टा, पोपटी-राखाडी अंग, सगळं तेव्हा दिसतं.

भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) नक्की कोणत्या महिन्यात मिळतात?

महिना विचारू नका, पाणी विचारा. भिगवणचं पाणी म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा. रोहित हा उथळ पाण्यात चालत, चोच उलटी करून चिखलातलं बारीकसारीक अन्न गाळून खाणारा पक्षी आहे. धरण तुडुंब असेल तर त्याला उभं राहायलाच जागा नसते. पाऊस भरपूर झाला की फुगवटा उशिरा ओसरतो, गाळाच्या पट्ट्या उशिरा उघड्या पडतात आणि रोहितही उशिरा जमतात. पावसाने दगा दिलेल्या वर्षी ते लवकर दिसू लागतात. साधारण जानेवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत हा काळ धरावा, पण निघण्याआधी कुंभारगाव किंवा डिकसळच्या नाववाल्याला फोन करून पाणी किती खाली गेलंय ते विचारावं. तो खरं सांगतो. त्याचं पोट या पाण्यावर आहे, त्यामुळे पातळीचा अंदाज त्याच्याइतका कुणालाच नसतो.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने हे अंतर शंभरेक किलोमीटर आहे. तरीही पहाटे पुण्याहून निघून पोचण्यापेक्षा आदल्या रात्री तिथे मुक्काम करा. सूर्य वर आला की पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते आणि लांबच्या लेन्समधून घेतलेला प्रत्येक फोटो मऊ पडतो. लोक लेन्सला दोष देतात, दुरुस्तीला टाकतात. दोष हवेचा असतो. उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत जे मिळेल ते आपलं.

नावेत बसताना उभं राहू नका, शक्य तितकं खाली बसा. कॅमेरा पाण्याच्या जवळ आला की रोहितांचे पाय पाण्यात, मान आकाशात आणि मागची रांग धूसर गुलाबी असा थरांचा फोटो मिळतो. उभं राहून काढलेल्या फोटोत नुसता चिखल येतो.

नाववाल्याला सांगून थवा उडवता येतो. उडतानाचे फोटो तसेच काढतात ना?

काहीजण काढतात. तुम्ही काढू नका, आणि दुसऱ्या नावेतून कुणी "दादा, जरा उडवा ना" म्हणालं तर आपल्या नाववाल्याला थांबायला सांगा. रोहितांना खाण्यासाठी जे उथळ पाणी मिळतं ते मुळात थोडं. तिथून दर अर्ध्या तासाने हुसकावलेला थवा काही दिवसांत जागाच सोडतो.

लोकांना उडणारे रोहित का हवे असतात ते समजतं. मोठा रोहित पंख मिटून उभा असला की बराचसा पांढुरका दिसतो, पंख उघडले की आतला लालभडक आणि काळा रंग बाहेर येतो. पण त्यासाठी उडवण्याची गरज नसते. ते अधूनमधून स्वतःच पंख ताणतात, दलदलीवरून भोवत्या (हॅरियर, एक शिकारी पक्षी) घिरटी घालून गेला तर उठतात, एका पट्टीवरून दुसरीवर जातात. उडण्याची तयारी ओळखता येते: खाणं थांबतं, माना एकदम वर होतात, सगळे एकाच दिशेला चालू लागतात आणि मग पाण्यावर पळत पळत उठतात. ही धाव वाऱ्याच्या दिशेने तोंड करून असते. वारा कुठून येतोय ते पाहून नाव आधीच बाजूला लावली की थवा तुमच्या समोरून आडवा जातो, पाठ दाखवून नाही.

आणि भिगवणला फक्त रोहित पाहून परत फिरू नका. चित्रबलाक, चक्रवाक, पट्टेरी राजहंस, नदी सुरय, राखी बगळे, शिवाय काठावरच्या गाळपेर जमिनीत फिरणारे धोबी. चक्रवाकाचा नारिंगी रंग सकाळच्या उन्हात जसा पेटतो तसा रोहिताचा गुलाबीही पेटत नाही, असं माझं मत आहे.

काही रोहित गुलाबी, काही मळकट पांढरे. फोटोतला रंग चुकतोय का?

नाही. त्यांचा गुलाबी रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांतून येतो. पिल्लं राखट-तपकिरी असतात आणि पूर्ण रंग यायला काही वर्षं जातात, त्यामुळे एकाच थव्यात सगळ्या छटा दिसतात. शिवाय मोठा रोहित आणि लहान रोहित या दोन वेगळ्या जाती आहेत. लहान रोहित मोठ्यापेक्षा गडद गुलाबी असतो आणि त्याची चोचही गडद लाल असते. संगणकावर सगळ्यांना एकसारखं गुलाबी करून टाकलं की थव्यातली लहानमोठी वयं पुसली जातात.

मुंबईकरांसाठी जवळची जागा?

ठाणे खाडी. २०१५ मध्ये तिला रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या, यादीत आली. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून फेऱ्या निघतात. इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं कोष्टक महत्त्वाचं. पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर चिखलात पांगलेले असतात, पाणी चढू लागलं की ते काठाकडे सरकतात. मागे इमारती, विजेचे मनोरे आणि पूल येतात. ते टाळायला जाऊ नका. लाखमोलाच्या महानगराच्या कुशीत चिखल गाळत उभा असलेला हजारोंचा थवा हाच त्या जागेचा फोटो आहे.

नाशिककडच्यांनी निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर पाहावं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिथे निरीक्षण मनोरे आहेत, तेव्हा मोठी लेन्स नसली तरी दुर्बिणीवर सकाळ छान जाते.

खंड्याचा, नीलपंखाचा निळा डोळ्यांना लखलखीत दिसतो, फोटोत काळपट येतो. असं का?

कारण तो निळा रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो आणि त्यातला निळा भाग आपल्यापर्यंत परत येतो. प्रकाश मागून आला तर परत येण्यासारखं काही उरत नाही आणि पीस मळकट दिसतं. शिंजीर आणि मोर यांच्याबाबत तर कोनाचा फरक फार तीव्र असतो. जांभळा शिंजीर एका क्षणी कोळशासारखा काळा, मान वळवली की निळा-हिरवा.

म्हणून या पक्ष्यांसाठी ऊन तुमच्या पाठीशी आणि खाली असलेलं हवं. सूर्योदयानंतरचा तासभर त्यासाठी उत्तम. आपल्या अक्षांशावर सूर्य झपकन वर चढतो, मऊ ऊन फार वेळ टिकत नाही, त्यामुळे जागा आदल्या दिवशी पाहून ठेवलेली बरी. नीलपंख बसलेला असताना बऱ्यापैकी मातकट वाटतो, निळ्याची खरी उधळण पंखांत असते. तो तारेवरून किंवा बाभळीवरून खाली झेपावतो आणि बहुतेक वेळा त्याच किंवा शेजारच्या ठिकाणी परत येतो. झेप पकडायचा अट्टहास सोडून परतीची वाट पाहा. उतरताना पंख पूर्ण पसरलेले असतात आणि तुम्हाला फोकस कुठे ठेवायचा ते आधीच ठाऊक असतं.

नवरंग, निलांग, टिकेलचा माशीमार हे सावलीतले पक्षी. त्यांना ढगाळ उजेडच मानवतो. कडक ऊन पानांतून ठिपक्याठिपक्यांनी पडलं की नवरंगाच्या अंगावरचे सगळे रंग एकमेकांत भांडायला लागतात.

सेटिंग सांगा. एकदा लावली की विसरता येईल अशी.

अशी नसते, पण बसवून घेता येईल असा एक पाया देतो. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) ऑटोवर. अपर्चर लेन्सचं जे सर्वांत मोठं उघडतं ते किंवा त्याहून थोडं लहान, साधारण एफ/५.६ ते एफ/८. मग शटरचा वेग पक्ष्याप्रमाणे बदला: शांत बसलेल्यासाठी १/५०० सेकंद, चालणाऱ्या-चरणाऱ्यासाठी १/१०००, उडणाऱ्या रोहितासाठी किंवा चित्रबलाकासाठी १/१६००, वेड्या राघूसारख्या चपळ पक्ष्यासाठी १/३२००. दाट जंगलात १/५०० मिळणारच नाही. तिथे कॅमेरा मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) किंवा झाडाच्या बुंध्याला टेकवा, १/१६० वर ओळीने पाच-सहा फोटो घ्या. पक्षी मान स्थिर करतो त्या क्षणाचा एखादा त्यात स्वच्छ निघतो.

आयएसओला भिऊ नका. थोडा दाणेदार पण तीक्ष्ण फोटो सुधारता येतो, हललेला सुधारत नाही.

खरी गोम एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करण्यात आहे, आणि नवे लोक नेमकं तेच बटण विसरतात. काळ्याशार पाण्यावर पांढरा बगळा उन्हात उभा असेल तर कॅमेरा पाण्याकडे पाहून उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं पांढरा डाग होऊन बसतात. तिथे उणे २/३ ते उणे १. उलट उजळ आकाशासमोर कोतवाल असेल तर अधिक १ किंवा जरा जास्त, नाहीतर नुसती आकृती उरते. सर्वांत अवघड स्वर्गीय नर्तकाचा नर: पांढरंशुभ्र अंग, निळसर काळं डोकं आणि मागे अंधारी झाडी. त्याच्यासाठी पांढरा सांभाळा, काळा रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) नंतर वर काढता येतो.

कोणती लेन्स घेऊ?

४०० मिलिमीटरच्या आत रानपक्ष्यांचं फारसं जमत नाही. १००-४०० किंवा १५०-६०० या जातीची झूम बहुतेकांना पुरते, आणि जुन्या बाजारात ती चांगल्या अवस्थेत मिळते. विकत घेताना काचेला टॉर्च लावून आत बुरशीची जाळी आहे का ते पाहा, विशेषतः लेन्स कोकण किंवा गोव्यातली असेल तर. मोठी प्राइम (झूम नसलेली) लेन्स घेण्याआधी एकदा भाड्याने आणून दिवसभर खांद्यावर वागवा. निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच बदलतो.

मोबाइलवर होईल का?

निसर्गदृश्यं उत्तम होतात. पक्षी नाही. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल टेकवून नोंदीपुरता फोटो मिळतो आणि ओळख पटवायला तो पुरतो.

तिबोटी खंड्या कुठे मिळेल? त्याच्या घरट्याजवळ फोटोची सोय करून देणारे असतात म्हणे.

असतात, आणि हा प्रश्न दर जूनमध्ये येतो. तिबोटी खंड्या चिमणीपेक्षाही लहान, पण अंगावर नारिंगी, जांभळा, निळा, पिवळा अशी सगळी पेटी सांडलेली. नैऋत्य मोसमी पावसाबरोबर तो कोकणात वीण करायला येतो. रायगडमधलं कर्नाळा, चिपळूणचा परिसर आणि अशा इतर ओल्या जंगलांत ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या उभ्या कडेत बीळ खणून घरटं करतो. पिल्लं आली की आईबाप खेकडा, कोळी, पाल, सापसुरळी असं काहीबाही चोचीत घेऊन बिळासमोरच्या ठरावीक फांदीवर टेकतात. ही फांदीच त्याचा घात करते. फांदीसमोर आडोसा उभारायचा, कधी फांदी फोटोला शोभेल अशी बदलायची आणि माणसांची रांग लावायची, असा तो धंदा.

तिथे काय होतं ते लांब उभं राहून एकदा पाहिलं तरी कळतं. चोचीत भक्ष्य घेतलेला पक्षी येतो, समोर लेन्सांची फळी बघतो, मागे फिरतो, पुन्हा येतो. त्या फेऱ्यांत पिल्लांचा घास चुकतो. फांद्या छाटून घरटं उघडं पाडलं तर सापालाही सोपं आणि कावळ्यालाही.

कायद्याची बाजूही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं येतं. म्हणजे बंदूक न उचलताही माणूस त्या व्याख्येत जाऊन बसू शकतो.

मग फोटो काढायचाच नाही का? काढा, घरट्यापासून दूर. पावसाळ्यात सकाळी ओढ्यालगतच्या वाटेने हळू चाला, त्याची बारीक तीक्ष्ण शीळ ऐका, कमरेच्या उंचीवरच्या फांद्या न्याहाळा. मिळेल तो फोटो अंधारात, पानाआड, अर्धा असेल. तो त्याच्या जंगलाचा फोटो असेल.

पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बोलावलं तर?

नको. विणीच्या काळात नराला तो आवाज घुसखोराचा वाटतो आणि खाणं, घरटं सोडून तो भांडायला येतो. एका सकाळी तुम्ही एकदाच वाजवता, पण तुमच्या आधी आणि नंतर आणखी कितीजण वाजवतात याचा हिशेब त्या पक्ष्यालाच करावा लागतो.

पाणवठ्यावरची हाइड, म्हणजे फोटोसाठी लपून बसायचे आडोसे, ठीक आहेत का?

यावर पक्षीमित्रांत दोन तट आहेत. माझं उत्तर जागेगणिक बदलतं. मार्च-एप्रिलमध्ये जंगल कोरडं पडतं तेव्हा एखाद्या शेतकऱ्याने आपल्या बांधावर लहानसं डबकं भरून ठेवलं, कापडाचा आडोसा केला आणि बसायचे पैसे घेतले, तर मला त्यात गैर दिसत नाही. पक्ष्याला पाणी मिळतं, शेतकऱ्याला झाडं राखण्याचं कारण मिळतं आणि सुरक्षित आडोशामागे माणूस असल्याचं पक्ष्याला जाणवतही नाही. स्वर्गीय नर्तक पाण्यात सूर मारतो तो क्षण असाच मिळतो. पण जिथे अळ्या टाकून माशीमारांना बांधून ठेवतात, घुबडाला झाडावरून उठवतात, शिकारी पक्ष्यांना कोंबडीची पिल्लं दाखवतात, तिथून उठून यावं. पैसे गेले तरी चालतील.

हाइडमधल्या फोटोंचा एक तोटा कुणी सांगत नाही. सगळे एकसारखे येतात. तोच ओंडका, तेच शेवाळ, तोच हिरवा पडदा.

कासला फुलांचे फोटो काढायला कधी जावं?

ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आठवड्याच्या मधल्या वारी, ऑनलाइन नोंदणी करून. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं, सुमारे १२०० मीटर उंचीचं हे पठार पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. तेरडा, सीतेची आसवं, सोनकी, मिकी माऊस म्हणून ओळखला जाणारा कवला, असे गुलाबी-जांभळ्या-पिवळ्या रंगांचे पट्टे आठवड्यागणिक बदलतात. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा सामूहिक फुलते, तिचं वर्ष स्थानिकांना विचारून घ्यावं.

जांभ्या दगडावर जेमतेम बोटभर माती आणि त्यावर हे सगळं उभं आहे. गालिच्यात बसून काढलेल्या फोटोचा ठसा तिथे पुढच्या मोसमातही दिसू शकतो. वाटेवरूनच, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला आणून, वाइड लेन्स फुलांच्या अगदी जवळ धरली की पुढे पाकळ्या आणि मागे ढग असा खोल फोटो मिळतो. एफ/११ पुरतो. वारा मात्र सतत असतो, तेव्हा शटर १/२५० च्या खाली नेऊ नका. पाकळ्या हलतात आणि मोठ्या पडद्यावर ते लगेच कळतं.

पावसाळ्यात सह्याद्रीचे फोटो सगळे राखाडी येतात.

कारण चौकटीत आकाश जास्त असतं. ढगाने भरलेलं पांढरं आकाश जवळपास कापून टाका, डोंगराच्या सोंडा, खाचरं, वाडीची कौलं आणि त्यांत अडकलेलं धुकं एवढंच घ्या. यासाठी ७०-२०० सारखी लेन्स वाइडपेक्षा जास्त कामी येते. आणि पाऊस थांबल्या थांबल्या जागेवर असा. ढग फाटून एखाद्या सोंडेवरच ऊन पडतं तो वेळ दोन-तीन मिनिटांचा असतो, ताम्हिणीत आणि माळशेजला हे पुन्हा पुन्हा होतं. हॉटेलात भजी खात असताना हुकतं.

पोलरायझर फिल्टर जरूर घ्या. ओल्या पानांवरची आणि कातळावरची चमक गेली की हिरवा रंग एकदम खोल होतो. दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड तो खातो, म्हणून पक्ष्यांच्या लेन्सवरून काढून ठेवा. इंद्रधनुष्य असेल तर फिल्टर फिरवताना जपा, एका कोनात ते पुसलंच जातं.

धबधब्यासाठी ट्रायपॉड आणि १/४ ते १ सेकंद, हा ठरलेला नुस्खा. नाणेघाटाच्या उलट्या धबधब्याला तो लावू नका. तिथे दरीतून येणारा वारा पाण्याला वर फेकतो आणि गंमत त्या उडणाऱ्या थेंबांत आहे. १/१००० वर घेतलं तर पाणी वर जाताना दिसतं, एका सेकंदावर घेतलं तर नुसता धूर.

इंद्रवज्राचा फोटो कसा काढायचा?

आधी ते दिसायला हवं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून कर्नल साइक्सने ते पाहिल्याची १८३५ ची नोंद आहे. गणित सोपं आहे: सूर्य पाठीशी आणि खाली, समोरच्या दरीत ढग, मधे आपण. मग ढगावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती गोल सप्तरंगी कडं उमटतं. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, म्हणजे हे सकाळीच जुळायचं. दरीत ढग भरलेत पण माथ्यावर ऊन आहे अशी सकाळ पावसाळ्याच्या अखेरीस जास्त मिळते.

धुक्यात ऑटोफोकस भरकटतो, म्हणून मॅन्युअलवर लांबचा फोकस लावून ठेवा. पोलरायझर काढा. रंग फिके असतात, थोडं कमी एक्स्पोजर ठेवलं तर टिकतात. आणि ते कडं प्रत्येकाला स्वतःच्याच सावलीभोवती दिसतं, त्यामुळे शेजाऱ्याला "तुझ्याभोवतीचं काढ" म्हणून कॅमेरा देण्यात अर्थ नाही. कड्याच्या टोकाशी मात्र पोटावर झोपूनच जा. तिथला वारा चेष्टेचा नसतो.

पक्ष्याचा फोटो की निसर्गदृश्याचा? दोन्ही जमवायला गेलं की काहीच नीट येत नाही.

मला तर दोन्ही एकत्र असलेलाच फोटो सर्वांत आवडतो, आणि लांब लेन्स नसलेल्यांना तोच जमण्यासारखा आहे. पिसन् पीस मोजता येईल असे चित्रबलाकाचे फोटो हजारोंनी पडलेत. चित्रबलाकाच्या मागे उसाचा फड, पाण्यात बुडालेली बाभळीची झाडं आणि होडी ओढणारा कोळी असा फोटो विरळा, कारण तो भिगवणशिवाय कुठलाच असू शकत नाही.

यासाठी पक्षी चौकटीचा दहावा हिस्सा भरला तरी पुरे. त्याची आकृती मात्र पार्श्वभूमीवर स्वच्छ सुटली पाहिजे: गडद डोंगरासमोर उजळ पक्षी, उजळ धुक्यासमोर गडद पक्षी. आधी दृश्य बांधा, मग पक्षी येण्याची वाट पाहा. सह्याद्रीच्या कड्यांवर गिधाडं आणि घारी दुपारी गरम हवेवर वर चढतात, तेव्हा कड्याच्या माथ्यावर बसलात तर त्या डोळ्यांच्या पातळीवरून जातात आणि मागे खालची कोकणपट्टी येते. गोंदियातल्या भातखाचरांत सारसाची जोडी, सोलापूरच्या माळावर धुळीतून उडणारा भोवत्या, हिवाळ्यात पिकलेल्या ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्या. भोरड्यांचे थवे संध्याकाळी रातथाऱ्यावर जमताना आकाशात जे आकार घेतात त्यासाठी तर २४ ते ७० ची साधी लेन्सच हवी. शेतकरी मात्र तेव्हा गोफण घेऊन उभा असतो, त्यालाही चौकटीत घ्यायला हरकत नाही. विचारून.

गोव्याच्या दाट जंगलात, मोले किंवा बोंडल्याला, हे तंत्र थोडं बदलतं. तिथे दूरचं दृश्य नसतंच. गोव्याचा राज्यपक्षी, काळ्या डोक्याचा आणि लाल गळ्याचा पिवळा बुलबुल, वेली आणि फळांच्या घोसांत असताना काढावा. त्या अंधाऱ्या हिरव्यात तो पिवळा ठिपका एकटा पुरतो.

कॅमेऱ्याला बुरशी लागू नये म्हणून काय करावं?

ओलावा टाळा. बुरशीचं सगळं त्यावर. ड्राय कॅबिनेट असेल तर ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. निळ्या दाण्यांचा रंग गुलाबी झाला की कढईत मंद आचेवर तापवून परत वापरता येतात, पण ती कढई मग स्वयंपाकघरात आणू नका. पावसातून आल्यावर कॅमेरा बॅगेत तसाच ठेवून झोपणं हे बुरशीला आमंत्रण. एसी गाडीतून दमट हवेत उतरताना काचेवर वाफ धरते, म्हणून पोचण्याच्या अर्धा तास आधी एसी बंद करा किंवा बॅग बंद ठेवूनच बाहेर आणा. आणि लेन्स वापरत राहा. कपाटात बंद पडलेल्या लेन्सा आधी जातात.

परवानगी लागते का? ड्रोन चालतो का?

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, कॅमेऱ्याचं शुल्क बहुतेक ठिकाणी दारावरच भरता येतं. व्यावसायिक चित्रीकरणाचे नियम वेगळे आणि कडक आहेत. ड्रोन संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय नाही, आणि पक्ष्यांच्या थव्यावर तर कुठेच नाही. वरून येणारी गुणगुणती वस्तू त्यांना शिकारी पक्ष्यासारखी वाटते.

रंग किती वाढवावेत?

आपण तिथे असताना दिसले तेवढे. हमखास बिघडणारे दोन: हरियालाचा पोपटी आणि पळसाचा केशरी. सॅच्युरेशनची पट्टी ओढली की पळसाच्या पाकळ्यांतली घडी नाहीशी होते आणि सपाट केशरी डाग उरतो. पट्टीला हात लावण्याआधी व्हाइट बॅलन्स तपासा, नव्वद टक्के वेळा गडबड तिथे असते.

फोटो टाकताना ठिकाण लिहावं का?

भिगवण, कास, ठाणे खाडी ही नावं लिहा, ती सगळ्यांना माहीतच आहेत. घरटं, घुबडाची ढोली, एखाद्या दुर्मीळ पक्ष्याचं ठरलेलं झाड यांचा पत्ता लिहू नका, आणि मोबाइलच्या फोटोत आपोआप नोंदलं जाणारं स्थान काढून टाका. इबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर काही संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणं संकेतस्थळच झाकून ठेवतं, त्यामुळे तिथे नोंद करायला संकोच नको. गटावर कुणी "लोकेशन प्लीज" लिहिलं तर तालुक्याचं नाव सांगून थांबा.

काढलेला पक्षी ओळखता येत नाही. कुणाला विचारू?

मर्लिन ॲपला फोटो दाखवा, तारीख आणि ठिकाण भरा, पहिला अंदाज बरा येतो. पण शिंजिरांच्या माद्या, भोवत्यांची पिल्लं आणि पाणथळीवरचे तुतवार यांत ते चकतं. अशा वेळी जिल्ह्यातल्या पक्षीमित्र मंडळाकडे जा. ५ ते १२ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून येणारा पक्षी सप्ताह, त्या दिवसांत बहुतेक शहरांत सकाळच्या फेऱ्या असतात आणि जाणकार भेटतात. फोटो न कापता, न उजळवता दाखवा. शेपटीची लांबी आणि पायांचा रंग यांवरच अर्धी ओळख असते, आणि कापाकापीत नेमके पायच जातात.